आत कोण थांबणार

१२ फेब्रुवारी

चि. सौ. रेडिओस,
अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप पोचले. सामान पोचलं, गुडघे पोचले, फक्त झोप अजून वाटेत आहे. लेकीची तब्येत बरी आहे. पोट चांगलं खाली उतरलंय, पायांना थोडी सूज आहे, पण ती काळजी करण्यासारखी नाही. जावई विमानतळावर न्यायला आले होते. माझी बॅग उचलताना त्यांनी "बापरे" म्हटलं ते मी ऐकलं नाही असं दाखवलं. तुझ्या नवऱ्याला सांग, बहीण पोचली, आता रोज फोन करून जीव खाऊ नकोस.

आता मुद्द्याचं. निघताना तू माझ्या पिशवीत चिठ्ठी ठेवलीस. मला वाटलं, गोळ्यांची यादी असेल. विमानात चष्मा लावून वाचली तर दोन ओळी. "माझ्या लेकीचं नाव बाळंतपणासाठी दुसऱ्या दवाखान्यात घातलं आहे. तुम्ही परत येण्याची घाई करू नये." खाली सही, तीही पूर्ण नावाची, बँकेत करतात तशी. शेजारच्या बाईने मला पाणी आणून दिलं, एवढा माझा चेहरा बदलला असावा.

अगं, चौतीस वर्षं लेबर रूम सांभाळली मी. आपल्या दोन्ही घरांतली झाडून सगळी पोरं माझ्या हातावर आली. तुझी ही लेक माझ्याच हातावर आली, आणि आज तिची वेळ आली तर मी नको? मे महिन्यात तिचे दिवस भरतात. मी एप्रिलच्या शेवटी परत येतेय, सगळा हिशोब घालूनच तिकीट काढलंय. निवृत्त झाले म्हणून काय झालं, त्या वॉर्डात अजून माझा शब्द चालतो. आजच्या इनचार्जला हातमोजे कसे चढवायचे ते मी शिकवलंय. तुला दुसरीकडे जायचं तर जा, पण कारण काय ते लिहायचंस तरी! फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू "बरं वन्सं" म्हणतेस आणि लगेच माझ्या भावाच्या हातात देतेस. म्हणून हे पत्र. उत्तर पाठव, आणि दोन ओळींत नको.

असो. इथला प्रकार ऐक, मग तुला कळेल की तुझ्या लेकीला किती चांगल्या हातांत द्यायला निघाले होते मी.

काल लेकीबरोबर तिच्या प्रसूतीच्या जागी गेले. दवाखाना म्हणवत नाही. फिनेलचा वास नाही, बाकं नाहीत, कुणी कुणावर खेकसत नाही. एका खोलीत नेलं. पडदे, कोपऱ्यात मंद दिवा, जमिनीवर गादी, आणि मधोमध पाण्याचा एक भला मोठा टब. मला वाटलं, इथे लहान मुलांना पोहायला शिकवत असतील. लेक म्हणाली, "आई, यात बाळ होतं." मी म्हटलं, "यात धुणं होतं." ती हसली नाही.

डॉक्टर कुठे, म्हणून विचारलं, तर डॉक्टर नाहीतच! अडलं तरच येतात म्हणे. सगळं करते ती एक सुईण. उंच, रुंद खांद्यांची, पायात सपाता, हातात घड्याळही नाही. मी "सुईण" म्हटल्यावर लेकीने डोळे वटारले. "आई, चार वर्षं शिकलेली आहे ती." मग आम्ही काय चौतीस वर्षं गोट्या खेळत होतो?

आणि ती बया काय करते माहितेय? जमिनीवर बसते. लेक खुर्चीत आणि ही खाली मांडी घालून. आणि विचारते, "आज पोट तपासलं तर चालेल का?" विचारते! लेक म्हणाली, "पाच मिनिटांनी." तर ही पाच मिनिटं गप्प बसून राहिली, पेशंटने सांगितलं म्हणून. मी लेकीला विचारलं, "नाहीच म्हटलंस तर?" म्हणाली, "तर नाही तपासत." माझे डोळे पांढरे व्हायचे बाकी होते. आपल्याकडे एका पाळीत बावीस बाळंतपणं, दोन टेबलं, एका खाटेवर दोन दोन बायका. मी प्रत्येकीला "चालेल का" विचारत बसले असते तर निम्मी पोरं व्हरांड्यात झाली असती.

पाय बांधायचं टेबल नाही. बाईने ओणवं व्हावं, उकिडवं बसावं, उभं राहावं, तिची मर्जी. कळा चालू असताना खायचं, प्यायचं. नवरा आत, आणि नुसता आत नाही, तर तिच्या मागे बसून तिला धरायचं. पहिलटकरणीला वाट मोठी करायला कात्री लावायची आपली ठरलेली पद्धत, तर इथे गरज पडली तरच. झाल्यावर बाळाला पुसायचंही नाही, तसंच आईच्या छातीवर. आणि सगळं सुरळीत झालं तर सहा तासांत घरी. सहा तासांत आपल्याकडे केसपेपर हलत नाही गं!

सुईणबाईने लेकीकडून एक कागद भरून घ्यायला घेतलाय. दिवा किती हवा, कुणी हात लावलेला चालेल, दुखणं कमी करायला काय हवं, आणि आत कोण थांबणार. लग्नाची पत्रिका बरी. तिथे दोन नावं लिहायची जागा आहे. एक जावयांचं, दुसरं कुणाचं ते सांगायला नको.

उत्तराची वाट बघतेय.

तुझी,
(अजून रागावलेली)
नणंद


१ मार्च

चि. सौ. रेडिओस,
अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. भावाला फोनवर विचारलं, तर म्हणाला, "ती लिहीन म्हणाली." मी म्हटलं, "अरे, तिला लिहायला कशाला लागतं, ती रेडिओ आहे." तर तो म्हणतो, "ताई, ती घरभर बोलते, शेजारी बोलते, बाजारात बोलते. तुझ्यासमोरच गप्प असते. तुला कधी जाणवलं नाही?" नाही बाई, मला नाही जाणवलं. मला वाटायचं, मोठ्या नणंदेचा मान ठेवतेस.

आता इथे जे घडलं ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. लेक माझ्याशी कामापुरतं बोलतेय आणि जावई तर माझ्या वाटेतच येत नाहीत.

गेल्या शनिवारी त्यांचा वर्ग होता. सात जोडपी, जमिनीवर उश्या मांडून बसलेली. नवऱ्यांनाही श्वास घ्यायला शिकवत होते. एक दांडगा गृहस्थ गाल फुगवून फूं फूं करत होता, त्याला बघून माझं हसू आवरेना. सुईणबाईने मला हसताना पाहिलं आणि लेकीला काहीतरी विचारलं. लेकीने सांगितलं असावं की माझी आई चौतीस वर्षं हेच काम करत होती. झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा माझ्यासाठी कुणी एवढ्या टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

मग सुईणबाईने मला पुढे बोलावलं. लेक दुभाषी. प्रश्न असा की, "तुमच्याकडे बाई घाबरली, तिला आवरेना, ओरडायला लागली, तर तुम्ही काय करता?"

अगं, हा तर माझा हातचा विषय. वॉर्डातल्या शिकाऊ पोरींना मी हे पहिल्याच आठवड्यात शिकवायचे. मी पदर खोचला. एक लांबट उशी घेतली, मांडी म्हणून समोर आडवी ठेवली. आधी आवाज दाखवला, "ए! तोंड बंद! इकडे बघ! जोर खाली कर, घशात नको!" आणि मग तळहात. चट्टदिशी. उशी चांगली भरलेली होती, आवाज खणखणीत आला. मी म्हटलं, "लगेच ताळ्यावर येते बाई. बाळासाठीच असतं ते. ओरडण्यात दम घालवला तर बाळ गुदमरतं." आणि हसून सगळ्यांकडे बघितलं.

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका पोरीने दोन्ही हात पोटावर घेतले, माझ्यापासून झाकल्यासारखे. तो फूं फूं करणारा गृहस्थ तोंड उघडं टाकून बघत राहिला. मी लेकीला म्हटलं, "सांग ना त्यांना, बाळासाठी असतं म्हणून." ती सांगेना. मान खाली घालून बसली. सुईणबाईने तिला हळू आवाजात काहीतरी विचारलं, लेकीने एका शब्दात उत्तर दिलं. मग सुईणबाई उठली, माझ्यासमोरची उशी उचलली आणि फळीवर ठेवून आली. मला रागावली नाही, काही नाही. रागावली असती तर परवडलं असतं, मी उत्तर दिलं असतं.

घरी येताना आम्ही तिघं गाडीत होतो. मी म्हटलं, "मी काय गुन्हा केला ते तरी कळू दे!" लेक खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "आई, नंतर बोलू." ते नंतर अजून उजाडलं नाही.

तूच सांग, यात नवीन काय आहे? सगळीकडे चालतं हे. ज्या वॉर्डात बायका गुरासारख्या येतात तिथे आवाज चढवल्याशिवाय काम होत नाही, आणि आवाजाने भागलं नाही तर हात. माझ्या पाळीत बाळंतिणी दगावल्या नाहीत, ते काय गोड बोलून? तुझ्या वेळी तरी काय वेगळं होतं? थोडं बोलले असेन मी तेव्हा. तू काही मनावर घेणारी नव्हतीस. सुखरूप सुटलीस, लेक साडेसहा पौंडांची झाली, अजून काय पाहिजे?

आत कोण थांबणार ते ठरलं. जावई थांबणार. इथल्या नियमाप्रमाणे एकच माणूस चालतं, त्यामुळे मी बाहेर. नियम म्हटल्यावर आपण काय करणार? जावई परवा बोलता बोलता म्हणाले की आत दोघं चालतात, पण त्यांना नीट माहीत नसेल. मी काही मनाला लावून घेतलेलं नाही. बाहेर खुर्च्या चांगल्या आहेत.

तुझ्या उत्तराची अजूनही वाट बघतेय. तुझ्या लेकीचं वजन किती वाढलं ते कळव. मीठ कमी खायला सांग.

तुझी,
नणंद


१७ मार्च

चि. सौ.,

पुढे आशीर्वाद लिहायला घेतलं होतं, पण लिहिलं नाही. का ते खाली येईलच.

मला नात झाली. परवा, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. दोघी चांगल्या आहेत. हे आधी सांगितलं, कारण पुढचं वाचताना तुला त्यांची काळजी लागायला नको.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. नियम वगैरे काही नाही. आत दोघं चालतात. वर्गानंतर दोन दिवसांनी तो कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडला होता. त्यावर लेकीने दोन नावं लिहिली होती, आणि दुसऱ्यावर रेघ मारली होती. इथल्या अक्षरांत माझं नाव कसं दिसतं ते मला पासपोर्टमुळे ओळखता येतं. एकच रेघ होती, पण दाबून मारलेली, कागदाच्या मागे उमटलेली. मी बोट फिरवून बघितलं. मग कागद होता तसा ठेवला आणि भांडी घासली. तुला लिहिताना नियम म्हटलं, कारण माझ्या पोटच्या पोरीने मला नको म्हटलं हे मला लिहिता येईना. तूही नको म्हणालीस, तीही नको म्हणाली. आणि तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नव्हता.

परवा सकाळी आठला तिचं पाणी गेलं. कळा आदल्या दुपारपासून थोड्या थोड्या होत्याच. आम्ही गेलो. ते दोघं आत गेले, मी बाहेरच्या खुर्चीत. खोलीचं दार लाकडी, पण आवाज सगळा येत होता.

अकरानंतर ती ओरडायला लागली. तसलं ओरडणं मी हजारो वेळा ऐकलंय. ऐकून मला काही व्हायचं नाही, उलट मी घड्याळ बघायचे. परवा पहिल्यांदा मी दाराच्या चुकीच्या बाजूला होते. ती ओरडायची आणि मध्ये सुईणबाईचा आवाज यायचा, अगदी खालच्या पट्टीतला, ती ओरडतेय त्याच सुरात जणू तिच्याबरोबर हुंकार देतेय. कुणी गप्प बस म्हणत नव्हतं. तीन तास. मी वाट बघत होते, आता म्हणेल, आता हिचा संयम सुटेल. कुणी म्हणालंच नाही.

आणि ऐक. एकदा ती फार मोठ्याने किंचाळली, तेव्हा माझा उजवा हात उठला. मी ठरवून उचलला नाही. तळहात उघडा, खांद्यापर्यंत वर. समोरून एक बाई फुलांचा गुच्छ घेऊन जात होती, ती बाजूला झाली. माझ्या पोरीला कळा येताहेत, मध्ये बंद दार आहे, आणि माझा हात मारायला उठलाय. मी तो हात मांडीखाली दाबून धरला आणि बाळाचा आवाज येईपर्यंत तसाच ठेवला. मला माझीच भीती वाटली गं. एवढ्या वर्षांत नव्हती वाटली.

मग बाळ रडलं. थोड्या वेळाने जावई बाहेर आले, रडत होते, म्हणाले, "आई, चला." आत खाली सगळं ओलं. लेक गादीवर टेकून बसलेली, बाळ छातीवर, न पुसलेलं, नाळ अजून कापलेली नाही. मी दारातून दोन पावलं पुढे गेले. लेकीने मला बघितलं आणि सगळ्यात आधी काय केलं असेल? चादर ओढून मांड्या झाकल्या. लाजेने नव्हे, तिथे जावई होते, सुईण होती, लाज कधीच संपली होती. मला बघून झाकल्या. आणि म्हणाली, "आई, फार ओरडले का मी? बाहेर ऐकू आलं? नव्हतं ओरडायचं मला. चिडू नकोस."

तेहतीस वर्षांची आहे ती. बाळ तिच्या छातीवर होतं.

इतके दिवस मला वाटत होतं, ती माझ्यावर रागावलीय. ती रागावली नव्हती. घाबरली होती. माझी पोर मला घाबरते, आणि घाबरतच ती आई झाल्यावरचं पहिलं वाक्य माझ्याशी बोलली.

मी कसंबसं म्हटलं, "मी का चिडू?" तेव्हा तिने सांगितलं. तुझ्या बाळंतपणाच्या दिवशी ती नऊ वर्षांची होती. शाळा लवकर सुटली म्हणून शिपाई तिला लेबर रूमबाहेर बसवून गेला होता. मांडीवर गणिताची वही होती. आत तू होतीस. तिला मामीचा आवाज ओळखू आला. "चार फटके, आई," ती म्हणाली. "मी मोजले. आणि तू मामीला काय म्हणालीस तेही ऐकलं. तेव्हा अर्थ कळला नव्हता. पुढे कळला." आणि मला तिने ते वाक्य म्हणून दाखवलं, जसंच्या तसं, बाळाच्या कानावर हात ठेवून. वर्गात सुईणबाईने तिला विचारलं होतं, "हे तू कधी प्रत्यक्ष पाहिलंयस का?" आणि तिने एका शब्दात उत्तर दिलं होतं, "ऐकलंय."

मला तो दिवस आठवत नाही असं मी चोवीस वर्षं दाखवत आले. मला सगळा आठवतो. बाकी हजारो बायकांचे चेहरे गेले, तुझा नाही गेला. तू म्हणालीस, "वन्सं, पाठीत काहीतरी फाटतंय." माझी चौदावी होतीस तू त्या पाळीतली. मी तुझ्या मांडीवर मारलं आणि म्हटलं, "नवऱ्याजवळ जाताना नाही ओरडलीस, आता कशाला बोंबलतेस?" नवरा म्हणजे माझा सख्खा भाऊ. आया हसली. शिकाऊ पोरी हसल्या. मीही हसले. ते वाक्य आम्ही सगळ्याच म्हणायचो, दिवसातून दहा वेळा, पण तुला ते तुझ्या नणंदेने म्हटलं होतं. त्यानंतर तू तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस. टाके घालताना नाही, सुई लागत होती तरी नाही. मी केसपेपरवर लिहिलं, "बाई शांत. सहकार्य उत्तम." आणि संध्याकाळी भावाला कौतुकाने सांगितलं, तुझी बायको शहाणी निघाली.

लग्न होऊन आलीस तेव्हा तुझं नाव रेडिओ मीच ठेवलं होतं. त्या दिवसानंतर माझ्यासमोर तू कधी बडबडली नाहीस, आणि मी त्याला मान म्हणत आले.

मला कारणं लिहिता येतील. दोन टेबलं, बावीस बायका, जेवायला वेळ नाही, वरच्यांच्या शिव्या. सगळं खरं आहे. पण तुझ्या मांडीवर माझा हात होता, टेबलांचा नाही. मी तुला मारलं. ते बाळासाठी नव्हतं. तू गप्प बसावंस म्हणून मारलं, आणि मला तसं करता येत होतं म्हणून मारलं. माझं चुकलं. क्षमा कर असं लिहीत नाही, कारण मग तुला पुन्हा "बरं वन्सं" म्हणावं लागेल.

काल भावाला फोन केला आणि त्याला सगळं सांगितलं, ते वाक्यसुद्धा. तू त्याला इतक्या वर्षांत काहीच सांगितलं नव्हतंस. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, मी उद्या फोन करतो," आणि ठेवला. आज त्याचा फोन आलेला नाही. नाही आला तरी मी समजून आहे.

लेकीचं नाव तू दुसरीकडे घातलंस ते बरोबर केलंस. एप्रिलअखेर मी येईन, पण तुम्ही बोलावल्याशिवाय तिच्याजवळ येणार नाही. मात्र एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. तू जिथे नाव घातलंस ना, तिथल्या लेबर रूमची सिस्टर माझ्याच हाताखाली तयार झालेली आहे. चौतीस वर्षांत मी दीडशेच्या वर पोरी शिकवल्या. नाळ कशी बांधायची, रक्तस्राव कसा ओळखायचा, आणि हे. त्या आज गावोगाव आहेत. हुशार आहेत, कामाला वाघ आहेत, आणि प्रत्येकीचा हात माझ्यासारखा उठतो. मी तिला आजच पत्र टाकलंय, जे तुला लिहिलं तेच तिला लिहिलंय. पण एका पत्राने तिचा हात थांबेल असं मला वाटत नाही. माझा थांबला नसता.

म्हणून तू आत जा. आत घेणार नाहीत, नातेवाईक बाहेर म्हणतील, मीच म्हणायचे. ऐकू नकोस. दारात बस, भांड, आवाज चढव, लोकांना जमवायचं तर जमव. पोरीच्या उशाशी उभी राहा आणि तिला हवं तेवढं ओरडू दे. कुणी हात उगारला तर मनगट धर. तो हात माझा असला, तरी धर.

तुला मारणारी,
तुझी नणंद